वाचकांचे प्रश्न : उजनीचा रोहू आणि जेवणानंतरचे गोड

प्रश्न : आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता जुळे सोलापुरात राहतो. येथे उजनीचा रोहू सहज मिळतो. मात्र आमच्या पद्धतीने ओले खोबरे आणि कोकम घालून त्याचे कालवण केले, की त्याला मातकट वास येतो आणि काट्यांमुळे मुले ताटावरून उठतात. रविवारी चार माणसांसाठी साधे माशाचे जेवण आणि त्यानंतर फळांचे काही गोड कसे करावे? शिकरण करू म्हटले, तर सासूबाई माशावर दूध नको म्हणतात.
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या हाताला दोष देऊ नये. समुद्राच्या मासळीची रीत गोड्या पाण्याच्या माशाला जशीच्या तशी लागू पडत नाही, एवढेच. साठलेल्या पाण्यातील काही सूक्ष्म जीव आणि शेवाळे जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात व ते माशाच्या कातडीत आणि चरबीत उतरते. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यामागेही हेच द्रव्य असते. आंबटाने त्याचा जोर कमी होतो, म्हणून येथे आंबटाचे काम रश्श्यात नव्हे, तर मासा धुतानाच सुरू होते.

एक किलो रोहू घ्यावा. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर येणारी असावी. मासा कापून घेताना पोटातील काळपट पापुद्रा आणि कण्यालगत साकळलेले रक्त काढून टाकण्यास आवर्जून सांगावे, कारण मासळीवाले घाईत असले की नेमके तेवढेच राहून जाते. घरी आणल्यावर तुकड्यांना मीठ, हळद आणि एका लिंबाचा रस चोळून वीस मिनिटे ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. काट्यांचे म्हणाल, तर बारीक, दुहेरी फाट्याचे काटे पाठीकडच्या आणि शेपटीकडच्या मांसात असतात. पोटाकडच्या तुकड्यांत बरगड्यांचे मोठे काटे असतात आणि ते सहज दिसतात. मुलांच्या ताटात पोटाकडचेच तुकडे वाढावेत, शेपूट आणि डोके मोठ्यांनी घ्यावे. मुले तरीही कुरकुरली, तर उजनीचीच चिलापी आणावी. तिच्यात बारीक काटे फारसे नसतात आणि ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर तळली, तर ती छान कुरकुरीत होते.

रश्श्यासाठी दोन कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे खमंग भाजून, आठ-दहा लसूण पाकळ्या, आले आणि कोथिंबिरीसह बारीक वाटावे. पातेल्यात शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल तापवून हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. येथे कंटाळा केला, तर रस्सा कच्चट लागतो. मग दोन चमचे काळे तिखट, मीठ, लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि चार वाट्या गरम पाणी घालून सात-आठ मिनिटे खळखळून उकळावे. आच मंद करून त्यानंतरच तुकडे सोडावेत आणि आठ-दहा मिनिटे शिजू द्यावेत. पळी अजिबात घालू नये. पातेले दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलकेच फिरवावे. मांस पांढरे होऊन काट्यापासून सुटू लागले, की गॅस बंद करून पाव तास झाकून ठेवावे. सोबत ज्वारीची भाकरी हवीच. भात आपल्या रत्नागिरीकर जिभेसाठी.

आता दुधाविषयी. मासे आणि दूध एकत्र घेऊ नये, हे चरकसंहितेतील विरुद्ध आहाराच्या विवेचनात आहे, म्हणजे सासूबाईंच्या बोलण्याला जुना आधार आहे. त्यामुळे अंगावर कोड येते, ही समजूत मात्र आधुनिक वैद्यक मानत नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटल्याने कोड होते. तरीही माझ्या मते तिखट रश्श्यावर शिकरण तसेही जड पडते, तेव्हा वाद न घालता दूध टाळलेलेच बरे.

पाव वाटी चिरलेला गूळ तीन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, पुन्हा मंद आचेवर ठेवावा आणि उकळी आली, की तीन पिकलेल्या पण घट्ट केळ्यांचे जाड काप त्यात दोन मिनिटे परतावेत. वेलची आणि लिंबाचे चार थेंब घालून गार होऊ द्यावे. वाढताना वरून एका डाळिंबाचे दाणे पसरावेत; आधीच मिसळले, तर दाण्यांना पाणी सुटते आणि केळी लालसर होतात. डाळिंबासाठी आपल्याला लांब जायला नको, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच आहे. भगवा वाण मिळाला, तर तोच घ्यावा. त्याचे दाणे गोड असतात आणि बी मऊ असते, त्यामुळे मुलेही ते थुंकून टाकत नाहीत.