किरणोत्सारी धूळ दाबणाऱ्या लेपाची चाचणी

तुमचा प्रश्न असा: किरणोत्सारी धूळ उडू नये म्हणून फवारायचे लेप पुण्यातल्या कॉलेजात कसे तपासायचे, आणि त्यातला चांगला कोणता?

लेपाचं नंतर. लेप वाळला की समोर पंखा लावायचा आणि 'पास' म्हणायचं, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. वाळलेल्या थरातून उडते त्याहून जास्त धूळ फवारतानाच उडू शकते, आणि नेमकं तेव्हाच कुणी मोजत नाही.

खरा किरणोत्सारी पदार्थ अजिबात नको. १ ते १० मायक्रॉनची फ्लुओरोसंट (अतिनील दिव्याखाली चमकणारी) पूड घ्या, १५ सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या फरश्या घ्या. पूड बंद खोक्यात उडवून रात्रभर फरशीवर बसू द्या. चमच्याने भुरभुरवलीत तर गठ्ठे पडतात, गठ्ठे सहसा उडत नाहीत, आणि मग कुठलाही लेप उत्तम ठरतो.

आता फवारणी. नोझल जवळून सरळ धरून मारा आणि अंधारात अतिनील दिवा लावून बघा: मधे काळा डाग, भोवती चमकणारं कडं. ती धूळ दबली नाही, बाजूला ढकलली गेली. म्हणून आधी मीटरभरावरून बारीक तुषार, फरशी ओलसर होईपर्यंत. मगच दाट थर. हवा ओढणारा पंप, काचतंतूंचा फिल्टर लावून, फवारणीच्या आधीच चालू हवा. कणमोजणी यंत्रावर इथे विसंबू नका, ते पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतं. पुडीतला चमकणारा रंग ज्यात विरघळतो त्या द्रावकात फिल्टर धुऊन द्रावणाची चमक मोजा. सोबत एक कोरडी फरशी आणि एक नुसतं पाणी मारलेली हवीच, नाहीतर तुलना कशाशी करणार?

वाळलेल्या लेपावर वारा, ठोके, बुटाची टाच या चाचण्या त्यानंतर.

लेपांपैकी कॅल्शियम क्लोराइड स्वस्त, हवेतला ओलावा ओढून धूळ धरतं. पण त्याला साधारण ३० टक्के आर्द्रता लागते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती त्याखाली जाते, आणि जूनच्या पावसात क्लोराइडच वाहून जातं. पॉलिमरचा लेप बरा, पण तोही उन्हात ठेवून पुन्हा तपासा.

एक राहिलं: सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा किरण लेपाने अडत नाहीत. अल्फा किरण मात्र पातळ थरातही अडतात आणि खालची धूळ मोजणीत दिसत नाही, त्यामुळे लेपावरून किरणोत्सार मोजायचं मीटर फिरवून 'जागा स्वच्छ' असं लिहू नका.