तीनला जाग येते, पाचला उठवत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय 38. नाशिकच्या अंबडला पावडर कोटिंगचं युनिट आहे, अकरा माणसं आहेत. दिवाळीपासून रोज रात्री तीनला जाग येते. डोळा उघडला की पहिला विचार उधारीचा. एका मोठ्या पार्टीकडे साडेसात लाख अडकलेत, पाच महिने झाले. मग पाचला कुठे डोळा लागतो आणि साडेसातला बायको हलवून उठवते. उद्योजकांच्या एका शिबिरात सांगितलं होतं, पहाटे चारला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, ध्यान करा, ध्येयं लिहा. चार दिवस केलं. पाचव्या दिवशी माल पोचवायला जाताना गाडी चालवताना डुलकी लागली. दिवसाला चहाच्या आठ-नऊ कटिंग होतात. थायरॉईडची गोळी चालू आहे, शिवाय आता अश्वगंधाची पावडर आणलीय. वजन 89 किलो. माझ्यात शिस्तच नाही असं वाटायला लागलंय.
– एक वाचक, अंबड

उत्तर : भाऊ, अकरा माणसांचा पगार दर महिन्याला काढणाऱ्या माणसात शिस्त नाही, हे मी मानायला तयार नाही. तुमची झोप मोडलीय. चारला उठणं आजपासून बंद करा. गाडीवर डुलकी लागली, तुम्ही सुखरूप घरी आलात, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.

तुमच्याच ओव्हनचं बघा. पावडर वितळून रंग पक्का व्हायला, म्हणजे क्युअरिंगला, 180 ते 200 डिग्रीला जॉब दहा-पंधरा मिनिटं राहावाच लागतो. घाई आहे म्हणून पाच मिनिटांत बाहेर काढला तर वरून चकाकतो छान, पण नखाने खरवडलं की रंग निघतो. तापमान वाढवून वेळ वाचवायला गेलं तर पांढरा रंग पिवळा पडतो. मी सातपूरला 26 वर्षं लेथवर टर्निंगचं जॉबवर्क केलं. माझे जॉब कोटिंगला जायचे, असे परत आलेले क्रेट मी उघडून पाहिलेत. झोपेचंही तसंच आहे. मोठ्या माणसाला सात तास लागतात. रात्री अकराला पडणाऱ्याने चारला उठायचं ठरवलं तर ती अर्ध्या क्युअरिंगची झोप झाली. ज्यांना पहाट साधते ती माणसं नऊला अंथरुणावर असतात. आपल्याकडे पहाटे उठायची रीत होती, तशी दिवेलागणीनंतर लवकर जेवून झोपायचीही होती. शिबिरात पहिला अर्धा भाग सांगितला, दुसरा राहून गेला.

आता माझं सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना मला माझीच रात्र दिसली. मार्च महिना होता, वय 43. लेथसमोर उभी होते. चक फिरताना दिसत होता, आवाज मात्र कुठून तरी लांबून येत होता. ऑपरेटर मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मशीन बंद करून स्टूल सरकवलं. बीपी निघालं 170 वर 110. त्या काळात मी साडेचार तास झोपत होते. एका बड्या खरेदीदाराने सात महिने पैसे अडवले होते आणि तीन वाजता उठून मी छताकडे बघत तोच हिशेब पुन्हा पुन्हा करायचे. हिशेब कधीच पुरा व्हायचा नाही, कारण अंधारात फोन करता येत नाही, कागद बघता येत नाही. मन नुसतं त्याच आकड्याभोवती फिरत राहतं.

मला त्यातून बाहेर काढलं ते एका दोनशे पानी वहीने. शटर ओढायच्या आधी, हात धुवून झाले की, मी त्या वहीत लिहायला लागले. कोणाकडे किती येणं आहे, उद्या पहिला फोन कोणाला करायचा, कोणतं मशीन कुरकुरतंय. तारीख टाकून एवढंच. मग वही टेबलाच्या खणात, घरी आणायची नाही. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तीनला जाग आली आणि मनात आलं, हे तर वहीत लिहिलंय. कूस बदलली. सकाळ झाली तेव्हा साडेसहा वाजले होते. ती सकाळ मला अजून आठवते, खिडकीत ऊन होतं आणि कढीपत्त्याच्या झाडावर बुलबुल बसला होता. तुम्ही ध्येयं लिहिण्याऐवजी येणी लिहा. तुमच्या मनाला आत्ता त्याचीच गरज आहे.

आणि येण्यांबद्दल नुसतं मन शांत ठेवा असं मी सांगणार नाही. जे खरंच बोचतंय ते काढलं पाहिजे. लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी केलीय का? नसेल तर ऑनलाइन फुकट होते, या आठवड्यात करा. 2006च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते. मला ठाऊक आहे, मोठ्या पार्टीविरुद्ध तक्रार करायला छाती लागते, पुढचं काम जाईल ही भीती खरी असते. म्हणून तक्रार शेवटी. आधी बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदतीची ओळ छापा, मग त्यांच्या अकाउंट्सला सौम्य भाषेतलं एक पत्र द्या. नोंदणी आता करत असाल तर या आधीच्या अडकलेल्या बिलांनाही हे लागू होतं का, तेवढं तुमच्या सीएला विचारा. आणि एकाच पार्टीवर किती अवलंबून राहायचं, याचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उद्योजकाची वाढ म्हणतात ती मला तरी अशा पानांवरच दिसली.

चहाचं. कटिंगमध्ये दीड चमचा साखर धरली तर नऊ कटिंगांत साडेतेरा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वर साखर नुसती चहातून. तीही एक वेळ सोडा, पण संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. चहा तोडू नका, अंबडमध्ये चहा न पिता माणसं सांभाळता येत नाहीत हे मला कळतं. दुपारी तीननंतरचे मात्र बंद. माणसं चहाला जातील तेव्हा तुम्ही हातात ताकाचा ग्लास घेऊन त्यांच्यातच उभे राहा.

डबा खाल्ल्यावर खुर्चीत बसू नका. युनिटबाहेरच्या रस्त्यावर पंधरा मिनिटं चाला, फोन आत ठेवून. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते. कामाचे सहा दिवस पंधरा मिनिटं म्हणजे नव्वद, बाकीची साठ रविवारी पांडवलेणीला भरून काढा, तुम्हाला ते जवळच आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं झाली की मोठ्या माणसाला जेवढं चालायला सांगतात तेवढं झालं. पायऱ्या चढून वर गेलात तर दहा क्रमांकाच्या लेण्यात थोडं थांबा. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. त्याने इथल्याच गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले, 2,000 दरमहा शेकडा एक टक्क्याने आणि 1,000 पाऊण टक्क्याने, आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंच्या खर्चाची सोय केली. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या कारागिरांकडे लोक विश्वासाने पैसे ठेवत होते. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझे सात महिन्यांचे पैसे अडकलेले होते. त्या अक्षरांवरून बोट फिरवावंसं वाटलं होतं. फिरवलं नाही, फिरवूही नये, पण वाटलं होतं.

थंडीत मात्र पहाटेच्या काळोखात जाऊ नका. जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातनंतर उगवतो. बीपी तपासलेलं नसताना गार वाऱ्यात चढ चढणं आणि गार पाण्याने अंघोळ, दोन्हीने ते एकदम वर जातं. ऊन पडल्यावर निघा. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की रात्रीची झोपही वेळेवर येते.

आता जे पुढे ढकलायचं नाही ते. तुम्ही घोरता का, घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का, हे बायकोला विचारा. वजन 89, रात्री जाग, दिवसा डुलकी, हे सगळं पाहता झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर वही, चालणं, ध्यान कशानेच पुरेसा गुण येणार नाही, झोपेची तपासणी करून उपचार घ्यावे लागतील. बीपी आणि एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासा. 5.7 ते 6.4 आलं तर तो इशारा समजा, 6.5 किंवा वर आलं तर डॉक्टरांकडून मधुमेहाची खात्री करून उपचार सुरू करायचे. तोवर माल पोचवायला दुसरा ड्रायव्हर पाठवा.

अश्वगंधा तूर्त बंद. ती वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असेल असं नाही. ती थायरॉईडची पातळी वाढवू शकते, तुमची गोळी चालू आहे, आणि काही जणांच्या यकृताला तिचा त्रास झाल्याचं नोंदलेलं आहे. डॉक्टरांना पुडी दाखवा, मग ठरवा. कोटिंगआधी जॉब धुण्याची तुमची सात टाक्यांची प्रक्रिया आठवा. डीग्रीजिंग न करता, म्हणजे तेल-ग्रीस न काढता, कितीही भारी पावडर मारली तरी ती धरत नाही.

रविवारची मिसळ खा. ती मी कोणाची बंद करत नाही.

*

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला घरूनच नागलीचे (नाचणीचे) पापड आणि मसाले करते, चार बायका येतात. कंबर सतत दुखते, दुपारी गळून जायला होतं. अर्धा तास पडलं तरी अपराधी वाटतं. पंधरा हजारांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स आहे, करू का?
– वाचक, नाशिकरोड

उत्तर : अगं, आधी हिमोग्लोबिन तपासून घे. बारापेक्षा कमी आलं तर ते गळून जाणं आळस नव्हे, रक्त कमी आहे. डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घे, आणि त्या गोळ्यांबरोबर चहा नको, लोह अंगी लागत नाही. नागली विकतेस, स्वतः खातेस का? शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मी विचारते तेव्हा निम्म्या जणी सांगतात, फुटके पापड आमच्या वाट्याला. सकाळी नागलीची भाकरी किंवा आंबील तुझ्या ताटात पहिली पडू दे.

दुपारी अर्धा तास पड. त्या चौघींनाही पडायला सांग, म्हणजे तुलाही अपराधी वाटणार नाही.

कोर्स नको. त्या पंधरा हजारांतून एक कमरेएवढं पक्कं टेबल करून घे. माझा अंदाज आहे की तुम्ही सगळ्या जमिनीवर वाकून लाटता. उरलेल्या पैशांत हिशेब शिकवणारी एखादी मुलगी महिनाभर बोलव आणि एका किलो पापडामागे गॅस, वीज, पिशवी, तुझी स्वतःची मजुरी धरून खरा खर्च काढायला शीक. स्वतःची मजुरी धरायला विसरू नकोस. बहुतेक जणी विसरतात, मीही पहिली सहा वर्षं धरली नव्हती. आकडा निघाला की मला कळव, आणि टेबल करायला देताना उंची तुझ्या कोपरापासून मोजून घे. कोपराच्या चार बोटं खाली.