कॅथलिक शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमाला मुलीला पाठवावं का? आणि स्टॉलसाठी काय करून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की वसईत नव्यानं राहायला आलात, मुलगी दुसरीत आहे, आणि डिसेंबर लागताच शाळेची चिठ्ठी आली. मुलगी नाटुकल्यात देवदूत होणार, पोशाखाचे पैसे भरा, शिवाय फनफेअरच्या स्टॉलसाठी घरून 'नाताळचा पदार्थ' करून द्या. तुम्ही हिंदू. सक्ती असते का, आणि पदार्थ कोणता द्यावा?

सक्ती नसते, आणि करताही येत नाही. राज्यघटनेचं कलम 28 (3) आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. झालं. आता ते कलम बाजूला ठेवा, कारण तुमच्या चिठ्ठीत उपासना कुठेच नाही. पुठ्ठ्याचे पंख लावून एका सात वर्षांच्या पोरीला स्टेजवर "भिऊ नका" एवढं म्हणायचंय. पाठवा. त्या नाटकात धर्मापेक्षा गोंधळ जास्त असतो. बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीनच होते असं बायबलमध्ये लिहिलेलं नाही, त्यांनी आणलेल्या भेटवस्तू तीन होत्या एवढंच. याचा फायदा घेऊन आमच्या शाळेत एका वर्षी पाच जण आले होते, कारण पाच आयांनी मुकुट करून ठेवले होते.

पदार्थाचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे माझं जुनं दुखणं आहे.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातली. घरी कादोडी, म्हणजे आमची बोली, बोलायचो, शाळा मराठी माध्यमाची, चर्चच्या आवारातलीच. 1985 साली मी चौथीत होते. नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी शाळेत फनफेअर असायचं. बाईंनी सांगितलं, प्रत्येकीनं घरून काहीतरी करून आणा. मी घरी फक्त तेवढंच सांगितलं. मैत्रिणी केक आणणार होत्या, कुलकुल आणणार होत्या, हे सांगायला विसरले. विसरले म्हणते खरं, पण आईला वेळ नव्हता हेही मला माहीत होतं. ती रोज पहाटेच्या गाडीनं दादरला भाजी घेऊन जायची.

आईनं सांदणं केली. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, आणि आंबवायला ताडी. आमच्याकडे पूर्वी यीस्ट कुणाला माहीत होतं? ताडीनं पीठ असं फुगतं की झाकण उचललं जातं. रात्री भिजवलं, तीन वाजता उठून वाट्यांमध्ये घालून उकडलं, साठ सांदणं मोजून मोठ्या पितळी टोपात रचली, वर केळीचं पान, त्यावर ताट, आणि ती गाडीला गेली. टोप बाबांनी सायकलवरून शाळेत आणून ठेवला.

बाईंनी ताट उचललं. गरम सांदणाला ताडीचा आंबूस वास येतोच, तो छान वास असतो, पण त्यांनी नाकाला पदर लावला. "शाळेत ताडी? कुणाचं आहे हे?"

मी गप्प. ताई सातवीत होती, पलीकडे रिंग टाकायच्या स्टॉलवर उभी होती, तीही गप्प. येशूला आपण ओळखतच नाही म्हणणाऱ्या पेत्राला निदान कोंबडा आरवल्यावर रडू आलं. आम्ही दोघी रिंगकडे बघत राहिलो.

पण टोप बोलला. मामानं आईच्या लग्नात दिलेला, काठावर आईबाबांची नावं आणि लग्नाची तारीख कोरलेली. बाईंनी तो फिरवून फिरवून वाचला, मग माझ्याकडे बघितलं, काही न बोलता तो टेबलाखाली सरकवला आणि टेबलाची चादर खाली ओढली.

टेबलावर त्या वेळी काय होतं ते सांगते. प्लमकेक. महिनाभर रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा. रुपयाला एक तुकडा, आणि तो वासासकट दहा मिनिटांत संपला.

आई दुपारी स्टेशनवरून थेट शाळेत आली, लाल लुगड्यात, डोक्यावर रिकामी टोपली. टेबलावर शोधलं, मग चादरीखालून टोपाचा कान दिसला. साठातली अठ्ठावन्न होती. दोन शिपाईमामांनी खाल्ली होती, पैसे देऊन. आई कादोडीत एवढंच म्हणाली, जड आहे, एका बाजूनं धर. सोमवारपर्यंत आम्ही चहाबरोबर सांदणं खात होतो.

ताई आता बोरिवलीला असते. अजूनही म्हणते, बाईंचं काय चुकलं, मुलांच्या शाळेत ताडी नेतात का? मी म्हणते, रम चालते ती बाटलीवर इंग्रजी लेबल असतं म्हणून. उकडल्यावर सांदणात नशा कसली राहते? आमच्यात दर नाताळला हा वाद होतो, या वर्षीही होईल. आणि ताई, तू हे वाचणार आहेस, म्हणून लिहिते: मी चौथीत होते, तू सातवीत होतीस.

तर 'नाताळचा पदार्थ' म्हणून बेकरीतून केक आणून तो घरचा म्हणून देऊ नका. आमच्या नाताळच्या फराळातली नेवरी म्हणजे तुमची करंजीच आहे. कुलकुल हे शंकरपाळ्याचं मावसभावंड, पिठाची गोळी काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या पाठीवर दाबून वळायची आणि तळायची. दिवाळीत तुमचा हात बसलेलाच आहे. करंज्याच द्या, आणि कुणी विचारलं तर करंज्या म्हणूनच सांगा. नेवऱ्या म्हणायची गरज नाही. तुमच्या घरात जे डिसेंबरात होतं, तिळाची वडी, गाजराचा हलवा, तो या गावातला नाताळचाच पदार्थ झाला असं मी तरी मानते.

आणखी एक करता येईल. येशूजन्माच्या देखाव्यासाठी, म्हणजे गव्हाणीसाठी, शाळेत हिरवळ लागते. पसरट डब्यात माती घालून नाचणी दाट पेरा, रोज पाणी शिंपडा, दहा-बारा दिवसांत बोटभर रोपं येतात. तो डबा मुलीच्या हातात देऊन पाठवा. मेंढ्या त्याच गवतात ठेवतात, आणि आपलं गवत कुठलं हे दाखवायला ती तुम्हाला हाताला धरून नेईल. आमच्या वेळी सगळ्या वर्गाची नाचणी एकत्र व्हायची, त्यात कोण कुठल्या धर्माचं हे गवतावरून कळत नसे. आता काही शाळा प्लॅस्टिकचं गवत आणतात. त्यावर बोलायला लागले तर हे उत्तर संपायचं नाही.

शाळेतले राग धरतील का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. मी पाहिलेल्या सिस्टरांपैकी बहुतेकींना स्टेजवर देवदूत वेळेवर चढतो की नाही याचीच काळजी असते. पोशाखाचे पैसे जड होत असतील तर वर्गशिक्षिकेला सरळ सांगा, पांढरा फ्रॉक घरचा चालतो. सगळ्या शाळा सारख्या नसतात हेही खरं, माझा अनुभव एका पट्ट्यातला आणि बराचसा जुना आहे. शेंगदाणे, काजू घालणार असाल तर आधी विचारा, हल्ली काही शाळा नको म्हणतात. शाकाहारी मुलं असतात, पदार्थात अंडं असेल तर चिठ्ठी लावा.

आणि ताडी नकोच. एवढं बोलूनही मी स्वतः माझ्या मुलाच्या शाळेत कधी सांदणं नेली नाहीत, कुलकुलच नेली.

भांडं मात्र नाव घातलेलं द्या. फनफेअरनंतर झाकणं इकडची तिकडे होतात.