सर-मॅडम आझाद मैदानावर का बसतात?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, तालुक्याच्या गावी संस्थेच्या मराठी शाळेत. जुलै 2025 मध्ये 8 आणि 9 तारखेला शाळा बंद होती, सगळे सर-मॅडम मुंबईला आंदोलनाला गेलेले. शाळेला अनुदान आहे म्हणतात, मग सरकारी पगार असून आंदोलन कशासाठी? पोरांचं नुकसान होतं त्याचं काय?
– एक वडील

उत्तर : दादा, तुमची काळजी खरी आहे, पण आधी एक गोष्ट शाळेत विचारून या, आपली शाळा किती टक्क्यांवर आहे, म्हणजे पगाराचा किती हिस्सा सरकार देतं? कारण "अनुदानित" म्हणजे पूर्ण पगार असं नसतं. अर्धवट अनुदान असलेल्या या शाळांना मान्यता मिळाली तेव्हा "कायम विनाअनुदानित" अशी अट होती, म्हणजे सरकारकडे पैसे कधीच मागायचे नाहीत. 2009 मध्ये त्यातला "कायम" शब्द निघाला, मग मूल्यांकन, तपासण्या, याद्या, त्रुटी, असं करत करत 2016 ला अनुदानाचा पहिला, पगाराच्या 20 टक्क्यांचा टप्पा आला. तोपर्यंत लोक शिकवतच होते हो, बिनपगारी, सुट्टीत दुसऱ्याच्या शेतावर कामाला जाऊन!

हायस्कूलच्या बीएड शिक्षकाचं मूळ वेतन 38,600 पासून सुरू होतं. शाळा 40 टक्क्यांवर असेल तर त्यातले 15,440 आणि भत्तेही त्याच हिशोबाने. बाकीचे संस्थेने द्यायचे असं कागदावर आहे, पण गावातल्या शाळेत फी ती किती, संस्था आणणार कुठून. आणि शेजारच्याच 100 टक्के अनुदानित शाळेत तेच पुस्तक तेवढेच तास शिकवणाऱ्याला पूर्ण पगार, हे मला कधीच पटलेलं नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये पुढचा 20 टक्के टप्पा द्यायचा जीआर निघाला, पण बजेटमध्ये तरतूद झाली नाही, आणि तरतूद नाही म्हणजे खात्यात काही येत नाही. 2025 च्या जुलैत अधिवेशन चालू असताना लोक भर पावसात आझाद मैदानावर बसले ते यासाठी, तेव्हा कुठे सरकारने पैसे द्यायचा शब्द दिला.

बुडालेले तास शनिवारी किंवा जादा वर्ग घेऊन भरून काढा असं हक्काने सांगा, बरेच शिक्षक स्वतःहून घेतात. पण दुसरं पण करा. लोकांना वाटतं हे शिक्षक आमदारांचं, म्हणजे शिक्षकांनी निवडून दिलेल्या आमदारांचं काम, ते सातच आहेत आणि विधान परिषदेत बसतात, पैशाच्या मागण्यांवर मतदान होतं विधानसभेत, म्हणजे तुम्ही निवडून दिलेल्या आमदारापुढे. पालकांनी सह्यांचं निवेदन घेऊन त्यांच्याकडे जावं, मार्चच्या बजेटआधी, नाहीतर पुरवणी मागण्या (बजेटनंतर सरकार जादा खर्चाला मंजुरी मागतं त्या) येतात त्याच्या आधी. आणि विचारताना "अनुदान कधी" असं मोघम नको, आमच्या शाळेचा टप्पा मंजूर आहे, त्याची तरतूद यावेळी धरली का, एवढंच विचारा आणि उत्तर लेखी मागा.