सरपंच किती शिकलेला असावा?

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि गावी येऊन थेट सरपंचपदाची निवडणूक लढवली. पडलो. निवडून आल्या त्या बाईंना जेमतेम सही येते. वित्त आयोगाचा निधी, ई-निविदा, आराखडे हे सगळं त्यांना काय कळणार? एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा लायसन बघूनच घेतात, मग गाव चालवायला काहीच नको? माझं स्पष्ट मत आहे की सत्ता शिकलेल्यांच्याच हाती असावी. निदान पदवीची अट तरी हवी. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : अट आहे, फक्त पदवीची नाही. महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सातवी पास झाल्याशिवाय ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा सरपंच होता येत नाही. तुमच्या सरपंचबाई त्याआधी जन्मल्या असणार, म्हणून सुटल्या. हरयाणानं २०१५ मध्ये आणखी कडक कायदा केला. सर्वसाधारण पुरुष उमेदवाराला दहावी, बायकांना आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आठवी, अनुसूचित जातीच्या बाईला पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, व्हायचं तर पाचवी. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. चांगलं-वाईट ओळखण्याची ताकद माणसाला शिक्षणच देतं, अशा अर्थाचं एक वाक्य त्या निकालात आहे.

मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी होते. गावोगावची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली. त्यामुळे ते वाक्य वाचताना मला रोकडवह्याच दिसायला लागल्या.

एका गावचे सरपंच बी.एस्सी. होते. बोलायला अत्यंत सुसंस्कृत, चहाबरोबर इंग्रजी पेपर. त्यांच्या चेकबुकात कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवलेल्या सापडल्या. ग्रामसेवकाला वारंवार घरी यायला लागू नये म्हणून, असं त्यांनी मला अगदी निरागसपणे सांगितलं. त्याच तालुक्यात एक अंगठा उठवणारी सरपंच होती. बाईंचा नियम एकच : मासिक सभेत प्रत्येक कागद मोठ्यानं वाचायचा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. ग्रामसेवक वैतागायचा, सदस्य जांभया द्यायचे, पण सगळ्यांच्या कानांवर पडायचं. एकदा गटाराच्या बिलाची मोजमाप पुस्तिका वाचली जात होती, तेव्हा बाई म्हणाल्या, "आमच्या दारापासून मारुतीपर्यंत गटार हाय. एवढं कुठनं आलं?" टेप लावली. गटार कागदावर जास्त लांब होतं.

यावरून सगळे निरक्षर हुशार आणि सगळे पदवीधर बिनडोक असं म्हणायला मी निघालेली नाही. बाई सही करते आणि नवरा खुर्चीत बसतो, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. फक्त एवढंच नोंदवते की तो खुर्चीतला नवरा पुष्कळदा चांगला शिकलेला असतो.

आता तुमची एसटी. ड्रायव्हर आपल्याकडे आहेच. त्याला आजवर ग्रामसेवक म्हणत होते, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. तो पात्रता बघून, परीक्षा घेऊन नेमला जातो. अंदाजपत्रक अभियंता करतो, मोजमाप तो घेतो, दप्तर माझ्यासारखी तपासते, वर गटविकास अधिकारी, त्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. शिकलेल्यांची एवढी उतरंड बाईंच्या डोक्यावर उभी आहे. गाडी कुठल्या गावाला न्यायची हे मात्र तिकीट काढणाऱ्यांनी ठरवायचं, आणि त्यांच्या वतीनं बोलायला सरपंच. नमुना ५, म्हणजे रोकडवही, कशी लिहायची हे शिकवता येतं. सरपंचांची प्रशिक्षणं त्यासाठीच असतात. पाणी वरच्या आळीला आधी द्यायचं की दलितवस्तीला, हे कुठल्या नमुन्यात बसत नाही.

तुमची तक्रार नवी नाही, आणि तुम्ही एकटेही नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर होताना खुद्द डॉ. राजेंद्र प्रसादांनी हीच खंत बोलून दाखवली होती : कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, आणि कायदा करणाऱ्यांकडून निवडून येण्यापलीकडे काहीच नाही. पण त्याच्या वीस वर्षं आधी डॉ. आंबेडकरांनी याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. सायमन कमिशनबरोबर काम करायला मुंबई प्रांताची जी समिती होती तिचे ते सदस्य होते. बाकीच्यांशी पटेना म्हणून १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला. मताधिकाराला साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात, असं त्यांनी त्यात मांडलं. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला, ही पहिली. साक्षर झाला की समज आपोआप वाढते, ही दुसरी. ते मतदारांबद्दल लिहीत होते, पण उमेदवारांना लावून पाहा, काही बिघडत नाही.

लिहिणारा माणूस त्या काळात हिंदुस्थानातल्या सर्वांत शिकलेल्यांपैकी होता, हे ध्यानात घ्या. शाळा कुणाला मिळाली आणि कुणाला मिळू दिली नाही, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. त्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं होतं की सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. म्हणजे आधी पैसे घ्यायचे, शाळा द्यायची नाही, आणि मग शाळेचा दाखला मागायचा. पदवीच्या अटीतला हा भाग मला सगळ्यांत जास्त खटकतो.

आणि अट नसल्यानं काय आकाश कोसळलं? १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच सुमारास सतरा कोटींहून जास्त मतदारांची यादी झाली, चिन्हं छापली गेली आणि निवडणूक पार पडली. पुढे महाराष्ट्राला वसंतदादा पाटील मिळाले. शाळा अर्ध्यावर सुटलेला हा माणूस मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या कॉलेजांच्या फीचं पुढे काय झालं यावर मी वेगळं लिहीन, माझं मत फारसं गोड नाही. पण तुमच्यामागून खात्यात आलेली कितीतरी पोरं त्याच कॉलेजांतून आली, आणि ते दार उघडणाऱ्याकडे मात्र पदवी नव्हती.

शिकलेला माणूस गावाला नको, असं अजिबात नाही. सरपंच म्हणून गाव पालटवणारे हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. आहेत. पण मला विचाराल तर या सगळ्यात नीट तोड काढली ती गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं. धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक अभ्यासगट आणि दुसरी ग्रामसभा. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरचा तज्ज्ञ, वकील, वनस्पतिशास्त्रज्ञ, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा आयुष्यभराचा सोबती. तिथं कायदा वाचायचा, वाद घालायचा, शिकायचं. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचा विरोध असला तरी पुन्हा चर्चा. जंगलात राहणाऱ्यांना जंगलावर हक्क देणारा वनहक्क कायदा आला तेव्हा या गावानं तो वाचून काढला होता. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज, म्हणजे हक्कधारकांना गोळा करून विकता येणारं, म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी वनखातं वाहतूक परवाना सोडेना. खात्यात पदव्यांचा तोटा होता म्हणून नव्हे. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

तिथं शिकलेल्याला मान आहे, त्याचं ऐकून घेतात, पण त्याला मत जास्तीचं नाही. तुम्हाला नेमकं हेच बोचेल, असा माझा अंदाज आहे. निवृत्त झालात, सामान उतरवलं आणि उभे राहिलात. लोकांनी तुमची पदवी पाहिली असेल, पण गेली तीस वर्षं मयतीला कोण आलं तेही पाहिलं असणार. आणि खरं सांगू? ते काही अगदीच अडाणी मोजमाप नाही.

आता काय करायचं ते सांगते. पुढच्या ग्रामसभेत मोजमाप पुस्तिका वाचायची मागणी करा. तुम्हाला ती कळते, गावात बहुधा दुसऱ्या कुणाला कळत नाही. नळयोजनेचा नकाशा घेऊन बाईंकडे जा आणि त्यांना चढ-उतार समजावून सांगा, सल्ला म्हणून, उपकार म्हणून नव्हे. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता जातं हे त्या तुम्हाला सांगतील.

आणि पदवीधरांचीच सत्ता पाहायची हौस असेल तर तीही सोय घटनेनं केलेली आहे. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत. इंग्लंडनं विद्यापीठांचे मतदारसंघ १९४८ च्या कायद्यानं मोडीत काढले, आपण ठेवले. आपल्या या पदवीधर मतदारसंघांत प्रत्येक निवडणुकीला नव्यानं नाव नोंदवावं लागतं, म्हणून बहुसंख्य पदवीधर नोंदवतच नाहीत. जे येतात त्यांना केंद्रावर दिलेल्या पेनानं उमेदवारासमोर पसंतीचा आकडा लिहायचा असतो, १, २, ३. कुणी टिकमार्क करतो, कुणी सही ठोकतो. बाद मतं हजारांच्या घरात जातात. पुढची नोंदणी निघाली की आपलं नाव घाला.

प्रश्न : माझा जन्म १९९७ चा. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्यामागं फिरताना सहावीत शाळा सुटली. आज मी बचत गटाची अध्यक्ष आहे, गटाचा हिशेब मीच लिहिते. गावातल्या बाया म्हणतात, ग्रामपंचायतीला उभी राहा. मला फॉर्म भरता येईल का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आज भरलास तर छाननीत उडेल. वरच्या पत्राला उत्तर देताना ज्या अटीचा उल्लेख केला ती तुझ्याच आड येतेय. तुझ्या आईनं, जी कदाचित शाळेत गेलीच नसेल, उभं राहायचं ठरवलं तर तिला ही अट अडवत नाही. तुला, जी गटाचं खातं चालवते, तिला अडवते. मला हा कायदा पटत नाही. पण तो मोडीत निघेपर्यंत तू थांबावंस असंही वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीच्या पातळीची परीक्षा असते. वयाची वरची मर्यादा नाही, रोज वर्गात बसावं लागत नाही. हिशेब लिहिणारीला गणित अवघड जाऊ नये. नाव नोंदवण्याआधी तहसील कार्यालयात अर्ज करून, हे प्रमाणपत्र सातवीच्या अटीसाठी चालतं असं लेखी घे. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस, छाननीच्या दिवशी तो कारकून तिथं नसतो.

तोवर ग्रामसभेत बोलायला कुठलाच दाखला लागत नाही, मतदारयादीत नाव असलं की झालं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तुमच्याकडे ती नुसती रजिस्टरात होते का बघ. होत असेल तर गटातल्या सगळ्या जणींना घेऊन जा आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लाव.

आणि जागा राखीव सुटण्याची शक्यता असेल तर जात पडताळणीची कागदपत्रं आत्तापासूनच गोळा करायला लाग. आठवी त्यापेक्षा लवकर होईल.