नाशिकची वाइन सहल : घाई नको

पहिल्यांदाच जाताय, तर एका दिवसात दोनच वायनरी ठरवा. चार-पाच गाठायच्या म्हटल्या की दिवस पार्किंग शोधण्यातच जातो. गंगापूर धरणाजवळ सुला आणि यॉर्क अगदी जवळजवळ आहेत, तेवढ्या पुरेत.

सकाळी रिकाम्या पोटी निघू नका. गंगापूर रस्त्याच्या बाजूला चुलीवरची मिसळ मिळते, सोबत पापड, दही आणि नंतर जिलबी. माझ्या मते अर्धी सहल तिथेच वसूल होते! फक्त लगेच टेस्टिंगला बसू नका. तिखट तर्रीने जीभ पोळलेली असताना शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची नाजूक चव कळत नाही. मधल्या वेळात धरणाकडे किंवा गिरणारे गावाच्या बाजूला निवांत चक्कर मारा.

जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ. वेलींवर घड असतात आणि द्राक्षांपासून वाइन कशी होते ते नीट समजतं. शनिवार-रविवारी गर्दी फार, शक्यतो मधला वार धरा. ड्राय डे आहे का, तेही आधी बघा.

आणि गाडी कोण चालवणार हे घरूनच ठरवा. त्याने एक घोटही घ्यायचा नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे, पण अंदाजावर भरवसा ठेवू नका. त्याच्यासाठी द्राक्षाचा रस मागा. घेतलेल्या बाटल्या उन्हात तापलेल्या डिकीत तासन् तास ठेवू नका, वाइन बिघडते. म्हणून खरेदी शेवटच्या थांब्यावरच करा.