शेवटची चतकोर गोळी

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या सोडण्याबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. नावं अर्थातच छापलेली नाहीत. खालचे आकडे डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत. चिठ्ठी त्यांचीच हवी.

प्रश्न (कोथरूड) : वय ५९. ह्यांच्या बायपासच्या वेळी डॉक्टरांनी मला रात्री क्लोनाझेपाम ०.५ ची एक गोळी सुरू केली. हे ठणठणीत झाले, माझी गोळी मात्र सहा वर्षं चालूच आहे. मे महिन्यात मनाचा हिय्या करून बंद केली. दोन रात्री बऱ्या गेल्या. तिसऱ्या दिवसापासून छातीत धडधड, हात कापायचे, कुकरच्या शिट्टीलाही दचकायची. पाचव्या रात्री परत घेतली. मला व्यसन लागलंय का? ही सुटेल का कधी?

उत्तर : व्यसन म्हणू नका. डोस वाढवत नेणं, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळवणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही. शरीराला गोळीची सवय झाली आहे, आणि ती रोज घेणाऱ्या कोणालाही होते, कधी कधी महिन्याभरातच. मेंदूत गाबा नावाचं रसायन उत्तेजना आवरतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. बाहेरून इतकी मदत मिळत राहिली की मेंदू स्वतःची आवरशक्ती सैल सोडतो. मग गोळी एकदम काढली तर आवरायला कोणी उरत नाही. तिसराच दिवस का? क्लोनाझेपामला रक्तात निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. पहिल्या दोन रात्री तुम्ही मागच्या शिलकीवर काढल्यात. असं अचानक थांबवल्यावर काहींना आकडीही येते, तेव्हा परत सुरू केलीत ते बरंच झालं.

आता हिशेब. डॉक्टरांकडून ०.५ ऐवजी ०.२५ च्या गोळ्या लिहून घ्या. रोज दोन, म्हणजे आजचाच डोस. मेडिकलमध्ये गोळी कापायची पातं असलेली डबी मिळते, ती आणा. सुरीने कापलेली गोळी ओट्यावर उडते आणि दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत. जिभेवर विरघळणारी गोळी असेल तर ती ठिसूळ असते आणि पावसाळ्यात लगेच दमट होते, म्हणून साधी गोळी मागा. आठवड्याचे तुकडे एकदम करून ठेवू नका, एका वेळी एकच गोळी कापा.

उतरायच्या पायऱ्या आपल्या भाषेत तयारच आहेत : दोन, पावणेदोन, दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धी, चतकोर. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे, बहुतेकांना तीन ते चार लागतात. गोळी रोज त्याच वेळी घ्यायची. एक दिवसाआड घेऊन कमी करायचा प्रयोग करू नका. त्यात रक्तातली पातळी रोज वरखाली होते आणि शरीर दर दुसऱ्या दिवशी ओरडतं.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. दरवेळी कमी होणारा तुकडा तोच आहे, पण त्याचं वजन वाढत जातं. दोनवरून पावणेदोन म्हणजे डोसचा आठवा भाग. एकवरून पाऊण म्हणजे चौथा भाग. अर्धीवरून चतकोर म्हणजे निम्मा डोस एका रात्रीत! आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. ‘आता काय, चतकोरच तर राहिलीय’ म्हणून फेकून देतात आणि आठवड्याभरात पुन्हा अख्ख्या गोळीवर येतात. अमेरिकेतल्या २०२५ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात की सुरुवातीची कपात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर सहसा जाऊ नये. म्हणजे आपली पहिली पायरीसुद्धा तशी थोडी मोठीच. ती जड गेली तर तिथे महिनाभर थांबा. ‘एक’पर्यंत पोचल्यावर पुढच्या उतारासाठी डॉक्टर तुम्हाला डायझेपाम या त्याच जातीच्या, पण शरीरात जास्त टिकणाऱ्या औषधावर नेऊ शकतात. क्लोनाझेपाम ०.२५ च्या जागी साधारण डायझेपाम ५ मिलिग्रॅम धरतात. त्याची २ मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिची चतकोर म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. ५, साडेचार, चार, साडेतीन असं हळू उतरता येतं. यकृताचा त्रास किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर मात्र हा बदल नको.

सगळं धरून सहा ते दहा महिने लागतील. एखाद्या पायरीवर फार त्रास झाला तर तिथेच आणखी दोन आठवडे काढा. अगदीच असह्य झालं तर आदल्या पायरीवर जा, थेट दोनवर नको. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी रोजची पायरी आणि झोपेचे तास लिहीत चला. आणि मुहूर्त जपा. गोळी कमी करताना कान फार हळवे होतात. गणपतीच्या दहा दिवसांत, घराखाली ढोल-ताशांचा सराव चालू असताना नवी पायरी उतरू नका. विसर्जन होऊ द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की हा त्रास गोळी सुटण्याचा की मूळची काळजी परत आली, हे कसं ओळखायचं. सुटण्याचा त्रास कपातीनंतर काही दिवसांत येतो, पूर्वी कधी नसलेल्या गोष्टी घेऊन येतो (उजेड टोचणं, कानात आवाज, स्नायू उडणं, तोंडाला धातूची चव) आणि बहुतेकदा थोड्या आठवड्यांत ओसरतो. जुनी काळजी हळूहळू, जुन्याच रूपात येते आणि टिकून राहते. तशी आली तर तिच्यावर वेगळा उपचार लागेल.

प्रश्न (फॅमिली डॉक्टर, सिंहगड रस्ता) : रुग्ण वय ४६, अल्प्राझोलाम ०.५ दिवसातून तीनदा, आठ वर्षं. पुढच्या डोसच्या तासभर आधीच बेचैनी सुरू होते. डायझेपामवर कसं न्यावं? आणि कोणाला दवाखान्यात हाताळूच नये?

उत्तर : ती बेचैनी म्हणजे दोन डोसांमधला छोटा विड्रॉअल, गोळी सुटण्याचाच त्रास. अल्प्राझोलाम क्लोनाझेपामच्याच जातीचं, पण ११-१२ तासांत निम्मं होतं, त्यामुळे रुग्ण दिवसातून तीनदा काठावर येतो आणि त्यालाच आपला आजार समजतो. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य कित्येक दिवस टिकतं, म्हणून हा बदल फायद्याचा.

पण आधी रुग्णाला घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा. दुखण्यावरचं ट्रॅमॅडॉल, नसांच्या दुखण्याचं प्रीगॅबालिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं झोपेचं झोल्पिडेम, असं बरंच काही त्या पिशवीतून निघतं. दारूचं थेट विचारा. ‘कधीतरी’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा, तेही विचारा.

बदल एकेका डोसने करा. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीचं अल्प्राझोलाम काढून डायझेपाम द्या. समतुल्य मात्रा पुस्तकागणिक बदलते : ०.५ अल्प्राझोलामला कोणी ५ धरतात, कोणी १० मिलिग्रॅम. रात्री १० ने सुरुवात करा आणि सकाळी गुंगी राहते का पाहा. आठवड्याने दुपारचा डोस, आणखी आठवड्याने सकाळचा. डायझेपाम साठत जातं, त्यामुळे दुपारी आणि सकाळी ५-५ पुरणारे अनेक असतात. कागदावरचे ३० (तीन डोसांचे दहा-दहा) गाठायचा अट्टहास नको. या तीन आठवड्यांत दुचाकी बंद. बदल पूर्ण झाल्यावर दोन आठवडे स्थिर ठेवा, मग कपात. वयस्क रुग्णांत आणि यकृत बिघडलेल्यांत डायझेपाम नको. तिथे अल्प्राझोलामच ०.२५ च्या अर्ध्या गोळीने कमी करा, पण दिवसातले डोस तीनच ठेवा. लांबवून सुटणारी, म्हणजे एसआर गोळी कधीही कापू देऊ नका. कापली की सगळं औषध एकदम सुटतं.

आपल्याकडे हमखास सुटणारा एक मुद्दा गजकर्णाचा आहे. त्यावर महिना-दीड महिना इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सर्रास दिलं जातं. ते अल्प्राझोलामचा निचरा अडवतं. त्या काळात रुग्ण पेंगतो, आणि इट्राकोनाझोल संपलं की अल्प्राझोलामचा डोस तोच असूनही पातळी घसरते आणि धडधड सुरू होते. मग कपात चुकली असं आपण समजतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. ही दोन्ही औषधं अल्प्राझोलामसोबत शक्यतो टाळाच.

चिठ्ठीवर ‘हळूहळू कमी करा’ असं लिहू नका. तारीख, किती गोळ्या, कोणत्या वेळी, हे दर पायरीला लिहा आणि दोन आठवड्यांपुरत्याच गोळ्या द्या. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम दोन्ही शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. मेडिकलवाल्याला रुग्णाचं आणि तुमचं नाव, औषध आणि संख्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. अर्धवट चिठ्ठी त्यालाही अडचणीची.

पूर्वी आकडी आलेली, अपस्मारासाठीच हे औषध चालू असलेली, रोज दारू पिणारी, आत्महत्येचे विचार असलेली, किंवा घरी लक्ष द्यायला कोणी नसलेली व्यक्ती एकट्याने हाताळू नका. गरोदर स्त्रीची गोळी घाबरून एकदम बंद करू नका. मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना बरोबर घ्या. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जोडीला दारूचं व्यसन असेल तर येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

प्रश्न (हडपसर) : माझ्या गोळीत एस्सिटॅलोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकत्र आहेत. अर्धी करून घेऊ का?

उत्तर : नको. अर्धी केलीत तर दोन्ही औषधं एकदम निम्मी होतील, आणि पुढे त्रास झाला तर तो कशामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांकडून दोन्ही वेगळ्या गोळ्यांत लिहून घ्या. एस्सिटॅलोप्राम (उदासी आणि काळजीवरचं औषध) आहे तसं राहू दे, आधी क्लोनाझेपाम उतरवा. धडधड कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलबरोबरच्या जोडगोळीतही हेच करा. प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबलं की नाडी जोरात धावते. ‘पोटाची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असतं, तेही क्लोनाझेपामच्याच जातीचं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

प्रश्न (सदाशिव पेठ) : आई ७८ वर्षांची. पंधरा वर्षं झोपेची गोळी. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना पडली. तिला न सांगता त्याच डबीत कॅल्शियमच्या गोळ्या भरून ठेवाव्यात, असं बहिणीचं म्हणणं आहे.

उत्तर : असं करू नका. ती फसवणूक तर आहेच, शिवाय पंधरा वर्षांची गोळी एका रात्रीत बंद केल्यासारखंच आहे. या वयात त्यातून भ्रम होऊ शकतो, आकडी येऊ शकते. आणि एकदा लक्षात आलं की आई पुढे रक्तदाबाची गोळीही संशयाने घेईल.

सरळ सांगून काय होतं याचा चांगला पुरावा आहे. कॅनडात क्वेबेकमध्ये ज्येष्ठांना गोळीचे धोके आणि ती कमी करण्याच्या पायऱ्या चित्रांसह समजावणारी पुस्तिका दिली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्के. आईला सांगा की पडण्यात या गोळीचा हात असू शकतो, आणि वेग तिने ठरवायचा. निम्म्यावर येऊन ती थांबली तरी ते अपयश नाही. तोवर पलंग ते बाथरूम वाटेत मंद दिवा लावा, पायपुसणं उचला, कमोडशेजारी पकडायला दांडी बसवा.

प्रश्न (हिंजवडी) : गोळी निम्म्यावर आणली आहे. झोप लागत नाही म्हणून रात्री एक पेग घेतला तर?

उत्तर : दारू मेंदूत त्याच जागी काम करते. म्हणजे एका हाताने कमी करून दुसऱ्या हाताने भरायचं. उरलेल्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका वेगळाच. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर पलंग सोडा, पेंग आल्यावरच परत या. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. वामकुक्षी हा पुणेकराचा जन्मसिद्ध हक्क आहे खरा, पण सध्या ती वीस मिनिटांवर आणा. पहिले दोन आठवडे याने उलट वाईट वाटतं, तेव्हा त्याच आठवड्यात नवी पायरी घेऊ नका.

आकडी, भास, गोंधळल्यासारखं बोलणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका : १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली हे पहिल्यांदा सांगा. नुसतं बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालू असतो.

प्रश्न (चिंचवड) : चार महिन्यांपूर्वी अल्प्राझोलाम पूर्ण सुटलं. असू दे म्हणून दोन पट्ट्या कपाटात ठेवल्या आहेत. चालेल ना?

उत्तर : नको. सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी ज्या डोसवर तुम्ही ऑफिसला जात होतात, तोच आता तुम्हाला गाडीवर झोपवेल. कोणालाही देऊन टाकू नका. ओल्या चहापत्तीत कालवून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाका आणि पट्टीवरचं नाव खोडा.